हिरव्या खणात अडकलेलं वाक्य

मित्रांनो, मी एक जुनं वाक्य आहे. फार मोठं नाही. दोनच शब्दांचं.

चालतं मला.

झालं. एवढीच मी.

आता ‘मी जुनं’ म्हणाले आणि ‘एवढीच मी’ही म्हणाले, म्हणून गोंधळू नका. वाक्य नपुंसकलिंगी असतं, पण ‘मी’ म्हणून बोलायला लागलं की आपल्या भाषेत तशी सोय नाही. ‘मी आलो’ म्हणा नाहीतर ‘मी आले’ म्हणा. मी जिच्या तोंडातून बाहेर पडले ती एक बाई होती. म्हणून तिचंच लिंग लावून घेते.

माझा पत्ता लिहून ठेवा.

मुलाखत १४. ओळ २०६. कोड: समाधान. रंग: हिरवा.

वाक्याला कसला आलाय पत्ता, असं तुम्ही म्हणाल. सांगते. जगातल्या काही गोष्टी मोजून कळतात. खोलीत किती टेबलं आहेत, दिवसात किती चादरी धुतल्या, हे मोजता येतं. पण त्या खोलीत काम करणाऱ्या माणसाला काय वाटतं, हे मोजता येत नाही, विचारावं लागतं. विचारलं की माणसं बोलतात. त्यांचं बोलणं लिहून काढलं की शेकडो पानं होतात. ती नुसती वाचत बसलं तर शेवटच्या पानाला पोहोचेपर्यंत पहिलं पान विसरतं. म्हणून त्यासाठी एक सॉफ्टवेअर असतं. त्यात प्रत्येक वाक्याला रंगीत पट्टी लावायची आणि सारख्या अर्थाची वाक्यं एका खणात ठेवायची. त्या खणाला कोड म्हणतात. खणावर क्लिक केलं की आतली सगळी वाक्यं रांगेत उभी राहतात.

काम चोख आहे. फक्त खणाला आतून कडी नसते. कुणी बाहेरून काढलं तरच वाक्य निघतं.

ही कडी लक्षात ठेवा.

*

माझा जन्म कसा झाला, ते आत्ता नाही सांगत. फाईलमध्ये तो असा लिहिलेला होता:

प्रश्न ९: दार बाहेरून बंद असतं, त्याचा काही त्रास होतो का?
उत्तर: … चालतं मला.

माझ्या आधीची ती तीन टिंबं पाहा. तीही माझीच आहेत. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तुमचंही गेलं नसतं.

प्रश्न विचारणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणायचे. ते खरोखरचेच मास्तर. पंचवीस वर्षं शाळेत भाषा शिकवली, मग घसा बसला तो बसलाच. शाळा सोडली आणि एका लहानशा संशोधन केंद्रात नोकरी धरली. तिथली प्रमुख त्यांचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. पहिल्या दिवशी ती उठून उभी राहिली तर मास्तर म्हणाले, “बस, बस. आता तू बाई आणि मी विद्यार्थी.” तेव्हापासून सगळं केंद्र तिला बाई म्हणायला लागलं.

केंद्राकडे एक काम आलं होतं. एका हॉस्पिटलची लॉन्ड्री तळघरात होती. तिथून चादरी कमी व्हायला लागल्या होत्या. कोण नेतं ते सापडेना, म्हणून हॉस्पिटलनं एक उपाय काढला. काम चालू असताना इस्त्रीच्या खोलीला बाहेरून कडी लावायची. मुकादम गठ्ठे घेऊन येईल तेव्हा उघडेल. मध्येच कुणाला बाहेर जायचं असेल तर दारावर थाप मारायची आणि मुकादमाची वाट बघायची. तीन महिने असं करून पाहायचं, मग लॉन्ड्रीतल्या तेवीस जणांना विचारायचं. त्यांची हरकत नसेल तर ही पद्धत कायमची करायची.

म्हणजे ती कडी राहणार की निघणार, हे त्या शेकडो पानांवर अवलंबून होतं. आणि पानं मास्तरांच्या हातात होती.

मास्तरांच्या हातात माऊस होता, असंही म्हणता येईल. पण तो हातात राहत नव्हता.

“सर, जरा हलक्या हातानं. तो पळून जाणार नाही,” बाई म्हणायची.

“शाळेत खडू असा घट्ट धरल्याशिवाय उमटायचा नाही.”

“इथे उमटवायचं नाही. इथे नुसतं टेकवायचं.”

पहिल्या आठवड्यात मास्तरांनी मुलाखतींमधलं शुद्धलेखन सुधारायला घेतलं. कुणी ‘मला भेटलं’ म्हणालं असेल तिथे ‘मिळालं’ केलं. बाईनं ते पाहिलं आणि डोक्याला हात लावला.

“सर, हे पेपर नाहीत. लोकांचं बोलणं आहे. ते जसंच्या तसं ठेवायचं.”

“अगं, पण चूक दिसली की हात शिवशिवतो.”

“हातावर बसा मग.”

मास्तर खरंच थोडा वेळ हातावर बसले. मी स्क्रीनवरून पाहिलं आहे.

*

दुसऱ्या आठवड्यात मास्तरांना एक युक्ती सापडली. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. एखादा शब्द लिहायचा, बटण दाबायचं, आणि तो शब्द जिथे जिथे असेल ती सगळी वाक्यं आपोआप एका खणात जाऊन पडतात. मास्तरांनी विचार केला, ज्यांना दाराची हरकत नाही ते काय म्हणाले असतील? ‘चालतं’ म्हणाले असतील, ‘चालतंय’ म्हणाले असतील. दोन्हींत सारखं काय? ‘चालत’. भाषेचे मास्तर ते. लगेच तेवढीच अक्षरं लिहिली, हिरवा रंग निवडला, खणाला नाव दिलं ‘समाधान’, आणि बटण दाबलं.

मला काही कळायच्या आत माझ्या अंगावर हिरवी पट्टी आली. डोळे उघडले तर आजूबाजूला ही गर्दी:

लिफ्ट बंद असली की तीन मजले चालत येतो.
पंखा चालत नाही.
आमच्या घरी असलं उलट बोलणं चालत नाही.
चालतंय की, कुणाला काय करायचंय.
डावा गुडघा आता नीट चालत नाही.
मुलगी चालत जाते शाळेला.
कोपऱ्यातली मशीन चालत होती तोवर बरं होतं.

एकेचाळीस जणी. सगळ्या समाधानी.

“तुला समाधान कशाचं?” मी पंख्याच्या वाक्याला विचारलं.

“मला काय विचारतेस? मी तक्रार म्हणून घरून निघाले होते,” ते म्हणालं.

गुडघ्याचं वाक्य तर रडकुंडीला आलं होतं. आम्ही एकमेकींच्या अंगावर रेललेल्या. खणात वारा नाही, बोलायला माणूस नाही. वर फक्त एक आकडा लटकत होता: ४१.

मास्तरांनी मोठ्या आनंदानं बाईला बोलावलं. “ये, बघ. दोन दिवसांचं काम एका बटणात.”

बाईनं खण उघडला आणि वाचता वाचता खुर्चीत मागे टेकली. “सर, पंखा चालत नाही म्हणून लोक खूश आहेत?”

“कुठे?”

“हे बघा ना. आणि यांचा गुडघा चालत नाही, त्यांना तर फारच समाधान झालंय.”

मास्तरांनी चष्मा पुसला. मग स्वतःच हसायला लागले, त्या बसलेल्या घशानं. “वर्गात कुणी असं केलं असतं तर मी त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं असतं.”

“केलंय तुम्ही. मला.”

“कशासाठी गं?”

“वाक्याचा अर्थ न बघता शब्द घोकला म्हणून.”

*

मित्रांनो, मग सुटका सुरू झाली. दोघं मिळून एकेक वाक्य वाचायला लागले. पंख्याचं वाक्य निघालं, त्याला ‘खोलीतल्या अडचणी’ हा तांबडा खण मिळाला. गुडघा ‘तब्येत’ मध्ये गेला. शाळेत चालत जाणारी मुलगी कुठेच बसेना, ती ‘घर’ मध्ये गेली. प्रत्येक जण जाताना माझ्याकडे वळून बघत होतं. मी म्हणत होते, येतेच.

माझी पाळी आली.

बाईनं वाचलं. “चालतं मला. हे?”

“हे तर स्वच्छ आहे,” मास्तर म्हणाले. “दाराचं विचारलं, चालतं म्हणाल्या. हे राहू दे.”

“राहू दे,” बाई म्हणाली.

आणि दोघं पुढच्या वाक्याकडे गेले.

चुकून आत टाकलेल्याला कधीतरी बाहेर काढतात. तपासून आत ठेवलेल्याचं काय? आधी मी अपघातानं अडकले होते. आता मी नीट, विचार करून, दोन माणसांच्या संमतीनं अडकले. खणात आता सतराच जणी उरल्या. मोकळं मोकळं झालं होतं. पण गर्दीत असताना जेवढं गुदमरलं नाही तेवढं त्या मोकळ्या खणात गुदमरलं.

ओरडावंसं वाटत होतं. पण वाक्याला स्वतःच्या शब्दांपलीकडे आवाज नसतो. मी ओरडले असते तरी काय ओरडले असते?

चालतं मला. चालतं मला. चालतं मला.

*

टीप (सॉफ्टवेअरमध्ये वाक्याच्या बाजूला चिकटवायची सोय असते, ही मास्तरांनी मला चिकटवली):
तेवीसपैकी सतरा जणांची हरकत नाही. अहवालात या भागाला हेच शीर्षक द्यावं. छोटं, बोलकं वाक्य आहे. सुरुवातीची टिंबं काढली. वाक्य टिंबांनी सुरू होत नसतं.

वाचलंत? हात शेवटी शिवशिवलाच.

माझं कौतुक झालं मित्रांनो. मला मोठ्या अक्षरांत, जाड ठशात, पानाच्या मधोमध बसवलं. केंद्रातले लोक येता-जाता म्हणायचे, “छान आहे हो शीर्षक.” आणि माझ्या आधीची तीन टिंबं, जी माझ्याबरोबर जन्मली होती, ती पुसली गेली. आता मी खरोखर एक समाधानी वाक्य दिसत होते. आठवडाभरानं अहवाल हॉस्पिटलला जाणार होता. त्यानंतर तळघरातली कडी कायमची, आणि त्या कडीखाली सही माझी.

*

मला सोडवलं ते बाईच्या एका नियमानं. जे वाक्य अहवालात जाईल ते आधी मूळ आवाजात ऐकायचं, असा तिचा नियम होता.

“डोळ्याखालून घातलंत सर. आता कानाखालून घाला.”

“कानाखाली? ते मी शाळेत पुष्कळ केलं, आता नको.”

“हेडफोन लावा हो.”

मास्तरांनी हेडफोन लावले. माझ्या ओळीवर क्लिक केलं की माझ्या जन्माच्या ठिकाणी रेकॉर्डिंग सुरू होतं. प्रश्न संपला. आणि मग सेकंदासेकंदाला जे झालं ते आता सांगते. कारण ते आता मास्तरांनाही ऐकू येत होतं.

एक. मावशी श्वास घेते. मावशी म्हणजे मला जन्म देणारी. इस्त्रीवर असते, सगळ्या तिला मावशीच म्हणतात.

दोन. मावशी म्हणते, “ते दा”. दार म्हणायचं आहे. शब्द अर्धाच होतो.

तीन. बाहेरची कडी सरकते.

चार. दार उघडतं.

पाच. मुकादमाचे बूट. तीन पावलं. थांबतात.

सहा. चादरींचा गठ्ठा जमिनीवर पडतो.

सात. मुकादम म्हणतो, “चालू द्या, चालू द्या तुमचं.” तसा भला माणूस आहे. पण बूट हलत नाहीत.

आठ. पेनाची बारीक खरखर. मास्तर मान खाली घालून कागदावर नववा प्रश्न विचारून झाल्याची टिक करत आहेत.

नऊ. इस्त्री वाफ सोडते.

दहा. मावशी घसा खाकरते.

अकरा. मी.

अशी मी जन्मले. मावशीच्या तोंडात दुसरंच वाक्य होतं, मोठं, तीन महिने दाबून ठेवलेलं. ते दातांपर्यंत आलं होतं. बूट दिसले तशी ती मागे सरली आणि हाताला जे सापडलं ते त्यावर ठेवलं. ते मी. मी खोटं बोलले नाही, मित्रांनो. मी उत्तरच नव्हते. मी झाकण होते.

ज्या मुलीनं हे रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढलं, तिला बूट लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. मुकादमाची मुलाखत नव्हती, म्हणून त्याचं बोलणंही तिनं सोडलं. पण प्रामाणिक पोरगी. काहीतरी राहिलं आहे एवढं तिला कळलं, म्हणून तीन टिंबं ठेवली.

मास्तरांनी रेकॉर्डिंग मागे नेलं. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे. चौथ्यांदा हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

“काय झालं, सर?” बाईनं विचारलं.

“मी तिथे होतो गं,” मास्तर म्हणाले. “दोन हातांवर होतो. आणि टिक करत होतो.”

त्यांनी सगळ्यात आधी माझी टिंबं परत लावली. एक, दोन, तीन. माऊस अजिबात न दाबता, हलक्या हातानं.

*

आता पुढचं ऐका, पण मी अजून खणातच आहे हे विसरू नका. मास्तरांनी उरलेल्या सोळा जणींचंही मूळ रेकॉर्डिंग ऐकलं. नऊ ठिकाणी बूट सापडले. उरलेल्या सात जणींना मात्र खरंच चालत होतं. दार बंद असलं की कुणी सारखं हाका मारत नाही, डोकं शांत राहतं, असं त्यांतली एक हसत म्हणाली होती. त्या राहिल्या हिरव्यात, आनंदानं.

मास्तर मावशीला भेटायला गेले ते पाळी सुटल्यावर. हॉस्पिटलच्या मागे सायकली लावतात तिथे. बरोबर रेकॉर्डर होता, आणि या वेळी कागद नव्हता. त्या दिवसाचं रेकॉर्डिंग फाईलमध्ये माझ्या शेजारीच आहे, म्हणून मला सगळं पाठ आहे.

“मावशी, त्या दिवशी तुम्ही काहीतरी म्हणणार होतात.”

“म्हणाले की. चालतं म्हणाले.”

“त्याच्या आधी.”

“त्याच्या आधी काय, इस्त्री तापत होती.”

मास्तरांनी तिला ते अकरा सेकंद ऐकवले.

“अगं बाई, माझा आवाज असा आहे? सर्दी झाल्यासारखा?” मावशी म्हणाली. मग कडी वाजली, बूट वाजले, आणि ती गप्प झाली. 

मास्तरही गप्प राहिले. पंचवीस वर्षं वर्गात शांतता झाली की लगेच पुढचा प्रश्न टाकायची सवय. या वेळी त्यांनी नाही टाकला. मी मोजत होते. तेवीस सेकंद.

मग माझ्यामागचं मोठं वाक्य बाहेर आलं.

“कडी लागली की मी दाराकडे तोंड करून इस्त्री करते. पाठ केली ना, की तिथे दार आहे का भिंत आहे तेच कळेनासं होतं, आणि मग श्वास पुरत नाही. म्हणून टेबल फिरवून घेतलंय. बाकी काही नाही.”

“हे कुणाला सांगितलंत?”

“कुणाला सांगू? घरी सांगितलं तर म्हणतील सोड काम. मुकादमाला सांगितलं तर तोही तेच म्हणेल. घरच्यांचं आणि मुकादमाचं कधी नव्हे ते एकमत व्हायचं.”

दुसऱ्या दिवशी ते वाक्य फाईलमध्ये आलं. केवढं ते. माझ्या खालच्या ओळीत बसलं तर पानभर पसरल्यासारखं वाटलं. मास्तरांनी मला त्याच्याशी जोडलं. म्हणजे आता माझ्यावर क्लिक केलं की ते उघडतं. मला वाटलं, सुटले.

बाईनं वाचलं आणि मान हलवली.

“घालता नाही येणार, सर.”

“का?”

“नाव नाही दिलं तरी ओळखू येतील अशी वाक्यं आपण छापत नाही. खोलीत टेबलं किती?”

“आठ.”

“दाराकडे तोंड किती टेबलांचं?”

मास्तरांनी खोली आठवून पाहिली. एकाच टेबलाचं. हा अहवाल पहिल्यांदा मुकादमच वाचणार, आणि पहिल्या ओळीला त्याला मावशी दिसणार. चादरींची चोरी तशीच पडलेली. दार उघडं हवं असणारी बाई एकटीच, असं झालं तर संशय कुणावर जाईल?

तसं पाहिलं तर नियम बरोबर होता. माझा जीव मावशीला वाचवण्यासाठीच कोंडला जात होता. फक्त आता खणात माझ्याबरोबर ते मोठं वाक्यही अडकलं. अहवाल जायला चार दिवस होते.

मास्तर पुन्हा सायकलींपाशी गेले. खरं ते सांगून टाकलं.

“म्हणजे टेबलामुळे?” मावशीनं विचारलं.

“टेबलामुळे.”

“मी टेबल परत भिंतीकडे केलं तर?”

“तर तुम्हाला श्वास पुरणार नाही.”

“तेही आहे,” मावशी म्हणाली. आणि तिनं सायकल काढली. रेकॉर्डिंगमध्ये पुढे बराच वेळ नुसती साखळी करकरते आहे.

*

टीप (मास्तर, दोन दिवसांनी):
आज मावशींनी निरोप पाठवून बोलावलं. मुकादमानं कडी काढून आत सोडलं. इस्त्रीच्या खोलीत आठही टेबलं दाराकडे तोंड करून. इस्त्रीच्या वायरी लांब करून घेतल्या आहेत. आठ जणी एका रांगेत दाराकडे बघत इस्त्री करत होत्या. आत शिरलो तर शाळेतल्या वर्गात शिरल्यासारखं झालं. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे.

टीप इथे संपते. बोलणं रेकॉर्डिंगमध्ये आहे.

“हे काय नवीन?” मुकादम विचारतो.

“भिंतीकडे तोंड करून कंटाळा आला, मुकादम,” एक जण म्हणते. “शाळेत या मास्तरांसारख्यांनी उभं केलेलं तेवढं पुरे झालं.”

हशा होतो. मुकादमही हसतो. “करा, करा. मला काय, इस्त्री झाल्याशी मतलब.” बूट निघून जातात. दार लागतं. कडी.

मग थोडा वेळ फक्त वाफेचा आवाज. मग मास्तर हळू आवाजात विचारतात, “मावशी, आता ते वाक्य छापलं तर?”

“आता कोण कुणाला ओळखणार,” मावशी म्हणते. “चालतं मला.”

आधी श्वास नाही. खाकरणं नाही. टिंब नाही. मित्रांनो, ते माझंच जुळं वाक्य होतं, अक्षरानं अक्षर तेच. पण त्याच्या पोटात दुसरं काही दडवलेलं नव्हतं. मी तसंही असू शकते, हे मला तेव्हा कळलं.

शीर्षकातून मला उतरवलं. तिथे मोठं वाक्य गेलं, ‘इस्त्रीच्या खोलीतल्या आठ जणींपैकी एक’ एवढ्याच ओळखीनं. सतराचा आकडा खोडला. खाली मास्तरांनी स्वतः लिहिलं की मुलाखती घेताना दारात कोण उभं होतं हे आम्ही पाहिलं नाही, ती चूक आमची. बाईनं त्या ओळीवर एक लहानशी टिक केली.

मलाही हिरव्या खणातून काढलं. मला नवा खण मिळाला. मास्तर नाव शोधत तासभर बसले होते. शेवटी लिहिलं: ‘झाकण’. रंग निवडायचा राहून गेला, म्हणून राखाडी आहे.

*

त्यानंतर फाईल बंद झाली. काम संपलं की असंच होतं. एक पासवर्ड लावला, एका डिस्कवर उतरवून डिस्क लोखंडी कपाटात ठेवली. कधीतरी कपाट उघडायचं, डिस्क हलायची, पुन्हा अंधार. अहवालाचं काय झालं ते कुणी येऊन सांगेना. वाक्याला कोण काय सांगतं?

सहा महिन्यांनी एकदाच फाईल उघडली. एक नवं रेकॉर्डिंग आत आलं. दुसरी फेरी, मुलाखत १४. मावशीचाच आवाज. मास्तर काहीतरी विचारत होते, पाण्याच्या पिंपाबद्दल असावं, आणि मध्येच ती म्हणाली, “थांबा हं, बाटली भरून आणते. आलेच.”

मी कान देऊन ऐकलं. सपाता. सहा पावलं. बिजागरी करकरली.

थाप नाही. हाक नाही. कडी नाही.

सपाता लांब गेल्या. मास्तर वाट बघत बसले होते, तेव्हा रेकॉर्डिंगमध्ये काहीच नाही, नुसता इस्त्र्यांचा आवाज. ते रिकामं दीड मिनिट मी पुष्कळदा ऐकलं आहे. मला सगळ्यात आवडतं तेच.

मग सपाता परत आल्या. पुन्हा फाईल बंद झाली.

तर मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. माझ्यासारखी वाक्यं तुमच्या घरातही असतात. आई म्हणते चालतं मला, बाबा म्हणतात, वर्गात शेवटच्या बाकावरचा कुणी म्हणतो. तेव्हा लगेच मान डोलावून पुढच्या प्रश्नाकडे जाऊ नका. मनातल्या मनात अकरापर्यंत मोजा. आजूबाजूला कुणाचे बूट आहेत का ते बघा. आणि मग पुन्हा एकदा विचारा, जवळ बसून, हातात काहीही न धरता. वाक्याच्या आधी टिंबं दिसली तर ती पुसू नका. तिथे माणूस उभं असतं.

तुम्ही विचाराल, आणि तू कशी आहेस? डिस्कमध्ये, कपाटात, अंधारात?

… चालतं मला.